पिवळ्या गल्लीची साक्ष

३ फेब्रुवारी

आज गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर फलक लागला. पाच मजले, वीस घरं. फलकावरच्या चित्रात एक तरुण जोडपं हसत चाललं आहे आणि वरचं आभाळ इतकं निळं आहे, की तसलं आभाळ या गल्लीने माझ्या हयातीत पाहिलेलं नाही. कारखाना बंद पडून एकोणीस वर्षं झाली. तिथे सध्या उंदीर राहतात, पण ते निदान उंचीची मर्यादा पाळतात.

संध्याकाळी अध्यक्ष आले. ते विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना अध्यक्ष व्हायचंच होतं, फक्त कशाचे ते ठरायला सहा वर्षं गेली. आता ‘गल्ली वारसा जतन समिती’ निघाली आहे. सोबत शेजारचे दातांचे डॉक्टर होते.

“बाई, आपली गल्ली म्हणजे जिवंत इतिहास आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“हो ना. आणि तुमच्या दोन गाड्या त्या इतिहासाच्या दारातच उभ्या असतात.”

डॉक्टरांच्या घरावर दिव्यांचा एक जबडा लावलेला आहे, अंधार पडला की उघडतो आणि मिटतो. तो वारशात धरायचा का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तो काढता येतो.” वीस वर्षांत काढलेला पाहिला नाही. माझे मात्र तीन दात काढले.

तरी मी समितीत गेले. टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं हे एक. आणि खरं कारण असं, की साडेचारच्या सुमाराला ऊन कारखान्याच्या पडक्या छपरावरून गल्लीत उतरतं आणि अकराच्या अकरा घरं एकदम उजळतात. सगळी दुमजली, सगळी पिवळी, सगळ्यांचे सज्जे एका रेषेत. अडुसष्ट वर्षांची झाले तरी त्या वेळी मी हातातलं काम ठेवून सज्ज्यात उभी राहते. त्या उन्हात कोणी पाच मजले उभे केलेले मला चालणार नाहीत. एवढं साधं आहे. समितीच्या पत्रकात हेच सव्वादोन पानं लिहिलं आहे.

९ फेब्रुवारी

मुलगी आणि नात आल्या होत्या. मुलगी इथून दहा मिनिटांवरच्या इस्पितळात, प्रयोगशाळेत काम करते आणि दोन तासांवर राहते. जाऊन येऊन चार तास. एवढ्यात माणूस दुसरी नोकरी करील. लोक मला विचारतात, ती तुमच्याकडेच का राहत नाही? नात दोन वर्षांची असताना तो प्रयोग झाला. माझ्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, तीन महिने. तिने धुतलेली भांडी मी पुन्हा धुते हे तिला चालत नाही, आणि ती धुते तशी भांडी मला चालत नाहीत. जावई मितभाषी आहेत. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांची चाळीसेक वाक्यं ऐकली असतील. त्यांतलं सगळ्यात लांब होतं, “आपण दुसरीकडे बघूया.”

मग खालचा मजला? तो भावाचा. भाऊ परदेशात. सोळा वर्षं कुलूप आहे. वर्षातून एकदा त्याचा फोन येतो, “कुलूप नीट आहे ना?” माझी चौकशी त्यानंतर. तेव्हा मी बावीस पायऱ्या चढते आणि तळमजल्यावर कुलूप आरामात राहतं.

आज मुलीने समितीच्या कामात फार रस घेतला. सुनावणी कधी आहे? समजा, पाचाऐवजी चारच मजले झाले तर तुला चालेल का? कोपऱ्यावरून तुझा सज्जा दिसत असेल ना गं? मला बरं वाटलं. चाळीस वर्षांनी का होईना, संस्कार उगवले.

नातीने माझ्या घराचं चित्र काढलं. छप्पर वरून दिसतंय, पाण्याची टाकी, टाकीच्या झाकणावर ठेवलेली वीट, आणि सज्ज्यात मी. माझा भांगसुद्धा वरून. मी लाल पेन्सिलीने चूक दाखवली. “घर समोरून काढतात, बाळा. हे कावळ्याला दिसतं तसं झालं.” ती आईकडे बघायला लागली, आई खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्या मुलीला चित्रकलेत कधीच गती नव्हती, तेव्हा तिच्याकडून काय मदत होणार म्हणा.

१७ फेब्रुवारी

नगररचना खात्याचा तज्ज्ञ आला होता. अध्यक्षांनी नवा सदरा घातला होता.

प्रकरण असं आहे. घरं बांधली तेव्हापासून गल्लीची उंची आणि रंग एकच आहेत असं सिद्ध झालं, तर ती ‘संरक्षित गल्ली’ ठरते. मग कोपऱ्यावरसुद्धा तिच्यापेक्षा फार तर एक मजला जास्त चढवता येतो, म्हणजे एकूण तीन. सिद्ध झालं नाही, तर आमची घरं जुनी म्हणून एकेकटी जपली जातील, कोणी पाडणार नाही, पण कोपरा मोकळा. उंचीबद्दल वाद नाही. अडलंय ते रंगावर.

तज्ज्ञाने पाण्याच्या नळांमागे भिंती खरवडल्या. छोटं पातं, त्याहून छोटं भिंग. चार घरं झाली. पिवळ्याखाली पिवळा, त्याखाली पिवळा, त्याखाली सिमेंटचा गिलावा. “गिलावा मागाहून केलेला आहे,” तो म्हणाला. “मूळचा खरवडून टाकलाय. त्यावर काय रंग होता ते आता भिंत सांगू शकत नाही. माणूस सांगू शकेल. इथे सर्वांत जुनं कोण?”

डॉक्टरांची आई एक्याण्णव वर्षांची आहे. “आईची स्मृती गेली आहे,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

“मी इथेच आहे,” आतून आवाज आला.

“बघा,” डॉक्टर म्हणाले, “असं मधेच काहीतरी बोलते.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

२० फेब्रुवारी

दैनंदिनीत खोटं लिहायचं नसतं, नाहीतर ती कशाला लिहायची.

गल्ली मुळात पिवळी नव्हती. मी सहा वर्षांची होईपर्यंत ती एखाद्या जुन्या सदऱ्याला हाताला लागतील ती बटणं लावावीत तशी होती. डॉक्टरांचं घर निळं, टोकाचं हिरवं, दोन नुसती विटांची, आमचं कसल्याशा चॉकलेटी रंगाचं. मग ओल आली. सगळ्यांनी मिळून जुना गिलावा काढला, नवा केला आणि रंगापर्यंत येईतो सगळ्यांचे खिसे रिकामे झाले. वर्षभर गल्ली राखाडी होती.

बाबा बसच्या आगारात भांडारपाल होते. त्या वर्षी वरून हुकूम आला, पिवळ्या बसगाड्या यापुढे लाल. भांडारात पिवळ्या रंगाचे चाळीस डबे उरले. एका रविवारी ते डबे हातगाडीवरून गल्लीत आले. वर गोणपाट टाकलेलं होतं. ‘आले’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “फेकणारच होते.” कोण फेकणार होतं, कोणाला विचारून आणले, हे मी पुढे विचारलं नाही. मी सात वर्षांची होते आणि मला शिडी धरायला मिळाली होती. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली एका रंगाची झाली. लोकांनी बाबांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

तेव्हापासून ज्याने त्याने तोच रंग पुन्हा पुन्हा दिला, आणि आज अध्यक्षांनी ‘आपल्या पूर्वजांच्या सौंदर्यदृष्टीतून उमललेली सुवर्णछटा’ यावर दीड पान लिहिलं आहे. ते टाइप मीच केलं. सुवर्णछटा बसची आहे. पुढच्या दाराने चढायचं आणि मागच्या दाराने उतरायचं, त्या बसची.

आता मी काय सांगू? बाबांच्या पश्चात त्यांच्या नावापुढे हातगाडी आणि गोणपाट लावू?

२२ फेब्रुवारी

उपाय सापडला. कोर्टात तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी टाइप केल्या. तिथे एकच गोष्ट शिकले. साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगायचं आणि थांबायचं. खोटं बोलणारे पकडले जातात, जास्त बोलणारेही पकडले जातात. थांबणारा कधीच पकडला जात नाही.

‘मी लहानपणापासून ही गल्ली पिवळीच पाहत आले आहे.’ यात खोटं काय आहे? सातवं वर्ष लहानपणातच मोडतं. कॉन्व्हेंटमध्ये गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, “खोटं बोललीस तर देव बघून घेईल. अर्धं खरं बोललीस तर मी बघून घेईन.” पण सिस्टर वारून आता तीस वर्षं झाली.

२६ फेब्रुवारी

आज जिन्याची जवळून पाहणी केली. वरून तिसऱ्या पायरीपासून खालून पाचवीपर्यंत, बसल्या बसल्या. हाड मोडलेलं नाही. खाली पोचल्यावर लगेच उठावंसं वाटेना, म्हणून भावाच्या कुलपासमोर तासभर बसले. कुलूप खरंच नीट आहे, त्याला कळवायला हवं. शेवटी डॉक्टरांच्या आईने खिडकीतून पाहिलं आणि लेकाला हाका मारल्या. स्मृती गेलेल्या बाईच्या मानाने माझं नाव तिला बरं आठवलं.

डॉक्टरांना बजावलंय, मुलीला कळवायचं नाही.

संध्याकाळी मुलगी अचानक आली. म्हणे, जवळच काम होतं. माझ्या कोपरावर मलम लावलं, भांडी धुतली. मी ती पुन्हा धुतली नाहीत, हात दुखत होता. जाताना जिन्यावर उभी राहून ती बराच वेळ पायऱ्यांकडे बघत होती. बहुतेक किती धूळ आहे ते बघत असेल.

४ मार्च

सुनावणी झाली. खोली लहान, पंखा मोठा, कागद उडत होते. अधिकारी सभ्य होते. विरुद्ध बाजूला नव्या इमारतीची वास्तुविशारद. कोवळी मुलगी, केस आखूड, पायात कापडी बूट. तिने इमारत चांगली आखली आहे हे दैनंदिनीपुरतं कबूल करते. खिडक्या आमच्यासारख्या उंच, सज्जे आमच्या रेषेत. पण पाच मजले म्हणजे पाच मजले.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “आपण ही गल्ली पिवळी केव्हापासून पाहता?”

“मी लहानपणापासून ही गल्ली पिवळीच पाहत आले आहे.” आणि थांबले. मला टाइपरायटरची घंटी ऐकू आल्यासारखं वाटलं.

मग ती मुलगी उठली. “काकू, एकच विचारते. गल्लीत अकरा घरं, म्हणजे बावीस मजले. त्यातले किती कुलूपबंद आहेत?”

“प्रश्न गैरलागू आहे,” अध्यक्ष म्हणाले.

अधिकारीही म्हणाले, हो, गैरलागू आहे. मी सुटले. घरी येऊन उगाच मोजले. सात. गल्लीची राखण करायला आम्ही माणसांपेक्षा कुलपांनाच जास्त ठेवलंय, असं तिला म्हणायचं असेल. आगाऊ कार्टी.

१९ मार्च

जिंकलो! संरक्षित गल्ली! कोपऱ्यावर तीन मजले, बारा घरं, त्यापेक्षा वीटही जास्त नाही. निकालपत्रात माझं वाक्य जसंच्या तसं छापलं आहे, स्वल्पविरामाचाही बदल नाही. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यात पूर्वज चार वेळा आले, मी एकदा. चहा आणि बिस्किटं माझ्याकडे झाली. पेले मी धुतले.

मुलीला फोन केला. “आई, अभिनंदन,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक येत होता. मी विचारलं, ऐकू येतंय का? तर म्हणाली, “येतंय गं. सगळं ऐकू येतंय.” मागून नात विचारत होती, “मग आपली खिडकी?” काय खिडकी, कोणाची खिडकी? पण फोन बंद झाला. त्यांच्या भागात फोन नीट लागत नाही. कोणी तिथे राहावं तरी का!

२१ मार्च

दूध घेऊन येताना कारखान्याच्या फाटकाशी थांबले. नव्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेने सोडत काढली होती, ती वीस जणांची यादी तिथे लावली आहे. निकालानंतर पहिल्या बारा नावांखाली रेघ मारली आणि खालची आठ नावं खोडली. मी चष्मा लावून वाचायला लागले. जिंकलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो.

सतराव्या नंबरावर माझ्या मुलीचं नाव आहे.

आडनाव जावयांचं. नाव मी ठेवलेलं. व्यवसाय, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. कुटुंबातील व्यक्ती तीन. ‘घर का हवे’ या रकान्यात तिच्या हातचं अक्षर: ‘आई जवळ राहते. एकटी असते.’

वर लाल रेघ. लाल पेन्सिलच असावी.

दूध पिशवीत होतं ते तिथेच कठड्यावर राहिलं.

२७ मार्च

सहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. दूध पुन्हा आणावं लागलं.

आज मुलीला बोलावून घेतलं. ती इस्पितळातून थेट आली, हाताला अजून त्या औषधी साबणाचा वास होता. मी चहा केला. तिने तो तसाच ठेवला.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू साक्ष दिली नसतीस.”

“नसतीच दिली!”

“आणि मग जन्मभर ऐकवलं असतंस. तुझ्यासाठी मी गल्ली सोडली म्हणून. रोज. खिडकीतून.”

मी तिचा पेला थोडा तिच्याकडे सरकवला.

“चार वर्षं थांबलो होतो आई त्या नंबरासाठी. पाचव्या मजल्यावरचं घर होतं. पोरीने खिडकी ठरवून टाकली होती तिची. म्हणायची, आजी पडली तर मला आधी दिसेल.”

“मी पडलेच नव्हते. बसत बसत उतरले.”

“डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन केला होता मला.”

डॉक्टरांच्या तोंडातून दात सोडून सगळं बाहेर पडतं.

“आता तुम्ही काय करणार?” मी विचारलं.

“घरमालकाला जूनमध्ये जागा रिकामी करून हवी आहे. ह्यांना दुसऱ्या गावी बदली मिळतेय. तिकडे भाडं परवडेल.” मग पेल्याकडे बघत, “पाच तास लागतात गाडीने. पण सुट्टीत येऊ की.”

ती गेल्यावर तिने न प्यायलेला चहा मीच प्यायले. गार झाला होता. नंतर नातीचं ते चित्र शोधून काढलं. छप्पर, टाकी, टाकीवर वीट, माझा भांग. कावळ्याला नव्हे, पाचव्या मजल्यावरून दिसेल तसं. सगळं बरोबर होतं. फक्त लाल पेन्सिल चुकीची होती.

२९ मार्च

खोडरबराने लाल पेन्सिल पूर्ण जात नाही. गुलाबी राहते.

आज दिवसभर मी स्वतःशी वाद घातला. एक: साडेचारचं ऊन. ते जाईल. थोडं नव्हे, बरंच जाईल. हे मी कोणासाठीही खोटं म्हणणार नाही. दोन: बाबा. चाळीस डबे, गोणपाट. एकसष्ट वर्षं मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो तर हिशेबनीस होता. तीन: अध्यक्षांचं तोंड. हा मुद्दा खरं तर दुसऱ्या बाजूला लिहायला हवा.

चार: ‘आई जवळ राहते. एकटी असते.’ साक्षी अशा द्याव्यात. दोन वाक्यं, काहीही न लपवता. कार्टी माझ्यावर गेलेली नाही.

६ एप्रिल

निकालावर हरकत घ्यायला तीस दिवस असतात. अठराव्या दिवशी मी नगररचना खात्यात गेले. जिना तिथेही आहेच.

अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली. “साक्ष मागे घ्यायची आहे का, बाई?”

“मागे नाही. पुढे न्यायची आहे. मागच्या वेळी मी मधेच थांबले होते.”

आणि मी सगळं सांगितलं. निळं घर, हिरवं घर, दोन विटांची, राखाडी वर्ष. आगार, हुकूम, चाळीस डबे. हातगाडी. गोणपाटाशी मला जरा पाणी प्यावं लागलं. समोर त्यांचा टंकलेखक टाइप करत होता. तीन चुका केल्या, त्या मी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतल्या.

“हे डबे माझ्या वडिलांनी परवानगीने आणले की नाही, हे मला माहीत नाही,” मी म्हटलं. “हेही लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “बाई, एकसष्ट वर्षांपूर्वीच्या डब्यांची चौकशी आमच्या खात्याकडे येत नाही.”

“मग कोणाकडे येते?”

“कोणाकडेच नाही.”

मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. ज्या गुपिताला मी जन्मभर कडीकोयंडा घातला, ते कोणाला फुकटही नको होतं.

“आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही ‘केव्हापासून’ विचारलंत, ‘त्याआधी काय’ हे विचारलं नाहीत. पुढच्या साक्षीदाराला विचारत जा.” मग मात्र मला सिस्टर आठवल्या. “पण चूक माझीच आहे,” असं म्हटलं. तेही टाइप झालं.

८ एप्रिल

बातमी गल्लीत पोचली. अध्यक्ष दारात उभे राहिले, बावीस पायऱ्या चढल्यामुळे त्यांना रागवायला दोन मिनिटं लागली.

“बाई, तुम्ही गल्लीचं नाक कापलंत!”

“नुसता रंग उतरवला साहेब. नाक आहे तिथेच आहे.”

“बसचा रंग! मी दीड पान लिहिलं होतं त्यावर! छापायला गेलंय ते!”

“मग खाली एक ओळ घाला, पुढच्या दाराने चढावे.”

डॉक्टर मागे उभे होते. त्यांना म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, तुम्ही फोन करा. ते वरमले. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून त्यांच्या आईचा आवाज आला. “काय झालं रे?”

“काही नाही आई, रंगाचं चाललंय.”

“तो पिवळा? मला कधीच आवडला नाही. मी हिच्या बापाला सांगितलं होतं, मला निळाच ठेव. तर म्हणाला, वहिनी, साहेबांनी पिवळेच दिलेत, चिठ्ठीवर सही करून. घ्यायचे तर सगळे घ्या म्हणाले, जागा अडते.”

मी सज्ज्यात गेले आणि कठडा धरून विचारलं, “काकू, चिठ्ठी? कसली चिठ्ठी?”

“अगं, साहेबाची. दाखवत फिरला होता गल्लीभर. तू शिडीला लोंबकळत होतीस, तुला कुठलं कळायला.”

एकसष्ट वर्षं. आणि आमच्या सज्ज्यांमध्ये अंतर किती, तर दीड हात. एकदा विचारलं असतं तर.

समितीतून मला काढून टाकलं आहे. टाइपरायटर माझा होता, तो मी ठेवून घेतला. समितीचं पत्रक आता अध्यक्ष हाताने लिहितात, त्यामुळे लोकांना ते वाचावं लागत नाही.

२ मे

नवा निकाल. गल्लीतली अकराच्या अकरा घरं स्वतंत्रपणे संरक्षित, दर्शनी भागाला हात लावायचा नाही. म्हणजे डॉक्टरांचा जबडासुद्धा कायम राहतो की काय, ही भीती आहे. कोपऱ्यावर पाच मजले मंजूर, पण पाचवा मजला गल्लीच्या बाजूने मागे सरकवायचा, ऊन अडू नये म्हणून. तिथली चारपैकी दोन घरं त्यामुळे गेली. वीसची अठरा झाली.

अठरा. मी सतरापर्यंत बोटांवर मोजून पाहिलं. कोर्टातली सवय आहे, कागदावर एकदम विश्वास ठेवत नाही. एकोणीस आणि वीस नंबरवाले कोण आहेत मला माहीत नाही. यादीत एक शिक्षक होते आणि एक ‘व्यवसाय’ रिकामा. त्यांच्यासाठी त्या आखूड केसांच्या मुलीने सुचवलं आहे, की गल्लीतले सात बंद मजले भाड्याने मागावेत. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “कुलूप नीट आहे ना?” मी म्हटलं, “नाही. ते मी उघडायचं म्हणते आहे.” त्याची वाचा बसली आहे. पुन्हा फोन करीन.

ऊन मात्र थोडं जाणारच. तो नकाशा मी स्वतः पाहिला. साडेपाचऐवजी पाचला संपेल. अर्धा तास. असू दे.

मुलगी रडली आणि मग लगेच अटी घालायला लागली. रोज एकमेकींकडे जायचं नाही. भांडी आपापली. आणि सकाळी सातला माझ्या खिडकीचा पडदा उघडलेला दिसायला हवा, तो दिसला की ती निर्धास्त कामाला जाईल. म्हणजे माझ्यावर पाळत! अडुसष्टाव्या वर्षी! मी साफ सांगितलं, जाड कापडाचा पडदा लावून घेणार आहे.

“आई, बांधून व्हायला दोन वर्षं आहेत अजून. तोवर ह्यांनी बदली नाकारलीय, इथेच कुठेतरी दोन खोल्या बघतोय.” मग हळूच, “जाड लावलास तरी चालेल. सातला उघड म्हणजे झालं.”

नातीला तिचं चित्र परत दिलं. तिने गुलाबी डागांकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, हे काय?” मी म्हटलं, “माझी चूक आहे ती. राहू दे.”

५ मे

बर्फाच्या कारखान्यात आज पहिली भिंत पाडली. उंदीर आमच्या बाजूला येत आहेत. त्यांना अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

पाया खणायलासुद्धा दोन महिने लागतील. पाचवा मजला अजून नुसती हवा आहे, त्यात दोन कावळे बसल्यासारखे उडत होते. तरी आज पडदा पावणेसातला उघडला. टाकीच्या झाकणावरची वीट काढून नवं झाकणही बसवून घेतलं, वरून सगळं दिसतं. शिंप्याला मापं दिली. त्याने विचारलं, बाई, कापड जाड की पातळ?

पातळ सांगितलं.